हंगामी पाणथळ जागेत पाण्याची मूळ वाट परत आणायची असेल तर काय आणि कुठल्या क्रमाने करायचं

पाणथळ जागा सुधारायची ठरलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिली आयडिया येते ती जेसीबी बोलवून ती खोल करायची आणि कडेने बांध घालायचा, म्हणजे पाणी वर्षभर टिकेल. हंगामी पाणथळीचं यापेक्षा मोठं नुकसान दुसरं कुठलं नाही. ही जागा वर्षातले काही महिने ओली आणि काही महिने कोरडी असते, आणि तिथलं सगळं जीवन त्या दोन्हींवर बेतलेलं असतं. जागा दरवर्षी आटते म्हणून तिथे मोठे मासे टिकत नाहीत, मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी आणि बेडूकमासे वाचतात. कोळंबीसारखे दिसणारे काही बारीक जीव असे आहेत की त्यांची अंडी सुकलेल्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पहिलं पाणी आलं की फुटतात. बऱ्याच पाणवनस्पतींचं बी पाण्याखाली नाही तर ओल्या उघड्या चिखलात रुजतं. तुतवार, शेकाट्या असे चिखलातले पक्षी चिखलात किंवा जेमतेम पंधरा सेंटीमीटरपर्यंतच्या पाण्यात चरतात, खोल पाण्याचा त्यांना काही उपयोग नाही.

म्हणजे आपलं काम पाणी साठवण्याचं नाही, वेळापत्रक परत आणण्याचं आहे. पाणी कधी येतं, किती खोल होतं, किती दिवस राहतं, किती हळू उतरतं, आणि किती वर्षांतून एकदा अजिबातच येत नाही, या पाच गोष्टी जमल्या की बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

मणिपूरचं लोकटाक सरोवर याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तिथे फुमडी म्हणजे वनस्पती आणि मातीच्या तरंगत्या चटया असतात आणि त्यावर केइबुल लामजाओ नॅशनल पार्कातलं सांगाई हरीण जगतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की या चटया तळाला टेकायच्या, झाडांची मुळं मातीतून अन्न घ्यायची, पावसात परत वर यायच्या. १९८३ मध्ये इथाई बॅरेज म्हणजे दरवाजांचा बंधारा सुरू झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर वरच राहायला लागली, चटया तळाला टेकेनात आणि पातळ होत गेल्या. पाणी कमी पडलं नव्हतं, उतरणं बंद झालं होतं.

आधी जागा पूर्वी कशी होती ते शोधा

माणसांच्या आठवणीवर सगळं सोडू नका, पण तिथूनच सुरुवात करा. आजूबाजूच्या म्हाताऱ्या गुराख्यांना, मासे धरणाऱ्यांना विचारा की पाणी कुठल्या बाजूने यायचं, कुठपर्यंत पसरायचं, कधी आटायचं. दोन-तीन जणांचं वेगवेगळं ऐकून मग ते जुन्या टोपोशीटशी, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाशी, आणि उपग्रहाच्या फोटोंशी ताडून बघा. लँडसॅटचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि फुकट मिळतात, सेंटिनेल-२ चे २०१५ नंतरचे आहेत पण जास्त बारीक, एक चौकोन १० मीटरचा. पावसाळ्यात ढगांमुळे फोटोत काही दिसत नाही तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ते ढगातून बघतं. युरोपियन कमिशनच्या जेआरसी या संशोधन केंद्राने १९८४ पासूनच्या लँडसॅट फोटोंवरून जगभराच्या पाण्याचा नकाशा केलाय, त्यात कुठला तुकडा कायम ओला आणि कुठला हंगामी हे रंगांनी दाखवलंय, ऑनलाइन उघडून पाच मिनिटांत आपल्या जागेचा इतिहास डोळ्यासमोर येतो. फक्त एक, त्यातला एक चौकोन ३० मीटरचा असतो, त्यामुळे छोटी डबकी त्यात सापडत नाहीत म्हणून ती नव्हतीच असं समजू नका.

मग माती बघा. हाताने फिरवायचा ऑगर घ्या आणि अर्धा-एक मीटर खोल भोकं पाडा, मध्यापासून कडेकडे एका ओळीत. जिथे माती राखाडी किंवा निळसर आहे आणि तिच्यात गंजासारखे तांबडे ठिपके आहेत तिथे पाणी दरवर्षी बराच काळ उभं राहत होतं. जागा सुकवल्यावरही हे रंग पुढे कित्येक वर्षं मातीत राहतात, त्यामुळे आज कोरड्या शेतात जरी असे ठिपके सापडले तरी जुन्या पाणथळीची हद्द तिथपर्यंत होती हे कळतं. नकाशापेक्षा माझा भरवसा यावर जास्त.

भर पावसात चालून या

हे काम कोरड्यात होत नाही. जोराचा पाऊस पडत असताना आणि त्यानंतर दोन-तीन दिवस पूर्ण कडेने चाला आणि फोनवर लोकेशनसकट फोटो काढा. पाणी कुठून आत येतंय, कुठे अडतंय, कुठून पळून जातंय. बिघाड साधारण ठरलेलेच असतात: कोणीतरी पाणी काढून द्यायला खणलेला चर, जमिनीखालून टाकलेले ड्रेनेजचे पाइप, मधून गेलेला रस्ता आणि त्याला एकच नळमोरी, नदी आणि पाणथळीच्या मध्ये घातलेला पूरबांध, वरच्या अंगाला धरण किंवा वळवलेला ओढा, साचलेला गाळ. आणि एक उलटा प्रकार, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो म्हणजे कालव्याचं पाझरपाणी किंवा सांडपाणी बारा महिने आत येत राहणं. जागेत पाणकणीस दाट माजलंय, जलपर्णी पसरलीय, तर पाणी कमी नाही, जास्त दिवस राहतंय किंवा त्यात खत-सांडपाणी जास्त आहे असा संशय घ्या.

जमिनीखालचे पाइप सापडणं कठीण असतं. पावसानंतर शेतात सरळ रेषेत लवकर वाळणारे पट्टे दिसतात ते बघा, आणि खालच्या ओढ्याच्या काठाने चालत पाइपाचं तोंड शोधा.

मोजणी, किमान एक पूर्ण हंगाम

मोजल्याशिवाय काहीही खणू नका. सगळ्यात खोल जागी सेंटीमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी खांबाला पक्की ठोका आणि आठवड्यातून एकदा, पावसात रोज, आकडा लिहा. शक्य असेल तर पातळी नोंदवणारा लॉगर टाका पण पट्टी तरीही ठेवा, कारण लॉगर बंद पडला तर वर्ष वाया जातं. शेजारी पावसाचं मोजमाप.

त्यासोबत दोन-तीन ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यासाठी नळ्या घाला. पीव्हीसी पाइपच्या खालच्या भागाला बारीक चिरा पाडायच्या, जाळी गुंडाळायची, भोकात उभा करून भोवती जाड वाळू आणि वर चिकणमातीचं बूच. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. डबक्यात पाणी आहे आणि चिकणमातीच्या थराखालची नळी कोरडी, तर तुमची पाणथळ त्या थरावर उभी आहे, बशीत पाणी राहावं तशी, आणि तो थर कुठेही फोडायचा नाही. उलट नळीतलं पाणी डबक्यापेक्षा वर उभं राहिलं तर खालून भूजल वर येतंय, म्हणजे आसपासच्या बोअरवेलचा उपसा हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि नुसते चर बुजवून भागणार नाही.

उंचसखलपणा मोजायला ऑटो लेव्हल भाड्याने मिळते, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसांनी करायची जुनी पद्धतही चालते. पाणथळीचा उतार इतका कमी असतो की १०-१० सेंटीमीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढाव्या लागतात, एक मीटरवाला नकाशा इथे काही कामाचा नाही. मोबाइलच्या जीपीएसवरची उंची तर विसराच.

पाण्याचा हिशेब

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, हे एक गणित पाठ करा. समजा तुमची जागा २ हेक्टर आणि सरासरी खोली ३० सेंटीमीटर, तर ती भरायला ६,००० घनमीटर लागतात. पाणलोट ४० हेक्टर, एका चांगल्या पावसात ५० मिलिमीटर पडले, तर एकूण २०,००० घनमीटर, त्यातलं समजा पाचवा हिस्सा वाहून आलं तर ४,०००. म्हणजे असे दोन पाऊस झाले की भरायला हवी. भरत नसेल तर पाणी वरच कुठेतरी अडतंय किंवा वळवलंय.

आता उतरण्याचा हिशेब. पाऊस नसलेल्या आठवड्यात पट्टीवरचा आकडा बघा. बाष्पीभवन समजा दिवसाला ५ मिलिमीटर धरलं आणि पातळी रोज १२ मिलिमीटर उतरतेय तर उरलेले ७ मिलिमीटर चरातून, पाइपातून किंवा जमिनीत जाताहेत. हे ७ कुठे जातात ते शोधणं म्हणजेच निम्मं काम. थोडा पाझर नैसर्गिक असतो, तो थांबवायच्या मागे लागून प्लास्टिक अंथरू नका, प्लास्टिक घातलं की ती टाकी झाली.

शेजारी आणि परवानग्या

कंटाळवाणं पण आधीच करायचं. चर बुजवला की पाणी मागे चढतं, म्हणून समोच्च नकाशावर नवीन पातळीची रेषा काढा आणि ती कोणाच्या शेतात, विहिरीत, रस्त्यावर जाते का ते बघा. जात असेल तर त्याच्याशी आधी बोला, लेखी ठरवा. चर दुसऱ्याच्याही शेताचं पाणी नेत असेल तर त्याला कडेने वेगळी वाट द्यावी लागते. पाटबंधारे, महसूल, वन यापैकी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या परवानग्या काम सुरू व्हायच्या आधी हातात पाहिजेत.

डासांचा प्रश्न हमखास निघतो. खरं सांगायचं तर उथळ पाण्यात काही डास होतातच. पण चतुर-टाचण्यांच्या अळ्या, पाणकिडे आणि बेडूकमासे असलेल्या मोकळ्या जागेत डासांच्या अळ्यांना खाणारे आणि त्यांच्या वाट्याचं अन्न खाणारे बरेच असतात, अडलेल्या घाण पाण्याच्या खड्ड्यात यातलं कोणी नसतं. म्हणून काम करताना चाकोऱ्या आणि सुटे खड्डे मागे ठेवू नका. आणि डास खातात म्हणून गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे सोडायची आयडिया कोणी दिली तर ठाम नाही म्हणा, ते बेडकांची पिल्लंही खातात.

प्रत्यक्ष काम: चर बुजवणं

कोरड्या महिन्यात, पाऊस यायच्या बराच आधी. मशीन आत घालण्यापूर्वी पूर्ण जागा पायी फिरून घ्या, चिखलात बेडूक आणि कासवं पुरून घेऊन बसलेली असतात, जमिनीवर घरटी असू शकतात. मशीनला येण्याजाण्याची एकच वाट आखा आणि काम झाल्यावर ती वाट नांगरून मोकळी करा.

चर पूर्ण बुजवणं सगळ्यात चांगलं. माती कुठून आणायची? बहुतेक वेळा ती तिथेच असते, चर खणताना काठाला टाकलेला ढीग गवताखाली लपलेला असतो. फ्लोरिडातल्या किसिमी नदीवर मोठ्या प्रमाणावर हेच केलं. १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी १९६२ ते १९७१ मध्ये सरळ करून सुमारे ९० किलोमीटरचा कालवा केला होता, नदीकाठची पूरमैदानं सुकली. मग १९९९ पासून २०२१ पर्यंत त्यातला सुमारे ३५ किलोमीटर कालवा परत बुजवला, काठावर पडलेली खोदाईची मातीच वापरून, आणि पाणी जुन्या वळणांत आलं. खणायला नऊ वर्षं लागली, बुजवायला बावीस.

पूर्ण बुजवण्याइतकी माती नसेल तर मध्ये मध्ये मातीची बुचं घालायची. किती अंतरावर? दोन बुचांमध्ये चराच्या तळाचा उतार २० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे ५०० मीटरमध्ये चर १ मीटर उतरत असेल तर दर १०० मीटरला एक. वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली या, म्हणजे खाली काम चालू असताना वरून पाण्याचा लोंढा येत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी तळातलं गवत, मुळं, सैल गाळ काढून टाका, घट्ट माती लागेपर्यंत, कारण गळती कायम याच थरातून होते. दोन्ही काठांत खाचा खणा म्हणजे नवीन माती जुन्यात गुंतते. मग ओलसर चिकणमाती १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी टाकायची आणि प्रत्येक थर धुमसाने किंवा मशीनने चोपायचा. मातीची ढेकळं भसाभस ओतून वरून एकदा बकेट आपटली तर पहिल्या पावसात खालून पाणी वाट काढतं, हे सांगून ठेवतो. माती बसते म्हणून भराव जमिनीच्या वर थोडा जास्त ठेवा, बाजू खूप सपाट उताराच्या, आणि लगेच गवत.

बुचावरून पाणी एका जागी ओसंडायला नको. दोन्ही टोकं अशी ठेवा की जास्तीचं पाणी आजूबाजूच्या गवताळ जमिनीवर पातळ पसरेल, अरुंद सांडवा केला की तिथे नवीन ओघळ पडून सगळं परत पहिल्यासारखं.

भरावाची माती पाणथळीच्या तळातून कधीच घेऊ नका. तिथे खड्डा पडतो, त्यात पाणी वर्षभर राहतं, मासे वस्तीला येतात, आणि वर सांगितलेला चिकणमातीचा थर फुटला तर पाणथळच गेली.

जमिनीखालचा पाइप असेल तर नुसतं तोंड बंद करून चालत नाही, पाणी पाइपाच्या बाजूने झिरपत राहतं. मधला बराच मोठा तुकडा उपटून काढा आणि तो खंदक चोपून भरा. वरच्या शेतकऱ्याचं पाणी त्याच लाइनने जात असेल तर तुमच्या जागेपुरता बिनछिद्राचा पाइप टाकून द्या.

रस्ता, बांध, गाळ

रस्त्याखाली एकच मोरी असली की पसरून वाहणारं पाणी एका धारेत येतं, वरची बाजू तुंबते आणि खालची सुकते. एक मोठी मोरी नको, रुंद आणि बुटक्या अशा बऱ्याच मोऱ्या रस्त्याच्या लांबीभर पाहिजेत, किंवा वाहतूक कमी असेल तर रस्त्याचा तेवढा भागच खाली आणून पाणी वरून जाईल अशी फरशी. मोरीचा तळ नेमका मूळ जमिनीच्या पातळीला हवा. तो खाली गेला तर मोरी चराचं काम करते, वर राहिला तर बांधाचं. ठेकेदार हमखास याच्यात वरखाली करतो, म्हणून काँक्रीट पडायच्या आधी लेव्हल स्वतः तपासा. खालच्या तोंडाला दगड अंथरा.

पूरबांध सगळा काढायची गरज क्वचितच पडते. जुना ओढा जिथून आत यायचा तिथे तो तोडा आणि पाणी बाहेर पडायलाही जुनी वाट मोकळी करा. हे दुसरं तोंड लोक विसरतात. इराकच्या दक्षिणेतल्या दलदली १९९० च्या दशकात सुकवल्या होत्या, २००३ मध्ये स्थानिक लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं आणि बऱ्याच भागात बोरू परत उगवला, पण जिथे पाणी आत आलं आणि खेळतं राहिलं नाही तिथे क्षार साठले.

गाळाच्या बाबतीत हात आखडता घ्या. ऑगरने बघा, वरून आलेला नवीन गाळ बहुतेकदा फिक्या रंगाचा आणि थर पडलेला असतो, त्याखाली जुनी काळपट, मुळांच्या खुणा असलेली माती लागते. तिथे थांबायचं. त्या जुन्या मातीच्या वरच्या पाच-दहा सेंटीमीटरमध्ये बियांची आणि अंड्यांची सगळी पुंजी आहे. आणि गाळ वरून येणं चालूच असेल तर आधी पाणलोटात गवताचे पट्टे आणि पाणी आत येतं तिथे गाळ अडवणारं छोटं कुंड करा, नाहीतर दर काही वर्षांनी तेच काम.

वर धरण असेल तर

तुम्ही दगडमाती हलवून हे सुटत नाही, पाणी सोडणाऱ्यांशी बोलावं लागतं. मागताना वर्षाला इतकं पाणी असं मागू नका. तेवढंच पाणी बारा महिने समान धारेने सोडलं तर पाणथळ भरतही नाही आणि आटतही नाही. मागणी अशी करा की हंगामाच्या सुरुवातीला काही दिवसांचा एक मोठा लोंढा, काठावरून पसरेल इतका, मग हळूहळू उतरता प्रवाह, आणि कोरड्या महिन्यांत बंद. पक्षी घरट्यात असताना अचानक पाणी चढवू नका हेही त्यात लिहून घ्या.

पाण्याला दरवाजा लावणं मी शेवटचा पर्याय समजतो, कारण दरवाजा म्हणजे तो उघडणारा माणूस कायमचा आला. लावावाच लागला तर फळ्या काढता-घालता येतील असा लावा आणि पाणी उतरवताना दिवसाला दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे चिखलाची कड रोज थोडी थोडी उघडी पडते, पक्ष्यांना रोज नवीन ताट मिळतं आणि वेगवेगळ्या बियांना वेगवेगळी वेळ.

बारा महिने येणारं सांडपाणी किंवा कालव्याचं पाणी असेल तर ते कडेने वळवून बाहेर काढा.

झाडं लावायची घाई नको

पहिला हंगाम काहीच लावू नका, मातीत काय शिल्लक आहे ते आधी कळू दे. भरावावर स्थानिक गवत तेवढं हवं. बेशरम, वेडी बाभूळ असं काही असेल तर ते पाणी यायच्या आधी मुळासकट काढा. एक हंगाम पूर्ण ओला जाऊनही चिखल उघडाच राहिला तर जवळच्या चांगल्या पाणथळीतून थोडी वरची माती किंवा पिकलेल्या बियांचं गवत, अर्थात परवानगीने, आणून पसरता येतं. त्याआधी तिथे जलपर्णी नाही ना ते दहा वेळा बघा.

पहिल्या पावसापासून पुढे

पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक बुचापाशी जाऊन उभे राहा. खालच्या बाजूला गढूळ पाणी बुडबुडत निघत असेल तर आतून माती वाहतेय, ताबडतोब वरच्या बाजूने चिकणमाती चोपा. स्वच्छ पाणी थोडं झिरपत असेल तर लक्ष ठेवा, पळापळ नको.

मग तीच पट्टी, त्याच जागेवरून तेच फोटो, आणि तीन तारखा दरवर्षी लिहायच्या: पाणी पहिल्यांदा कधी उभं राहिलं, सगळ्यात जास्त कधी झालं, शेवटचं डबकं कधी आटलं. बेडूक कधी ओरडायला लागले आणि बेडूकमाशांना पाय फुटायच्या आत पाणी आटलं का, हेही लिहा, त्यावरून पाणी पुरेसे दिवस राहतंय की नाही हे आकड्यांपेक्षा लवकर कळतं. एका वर्षावरून काही ठरवू नका, किमान एक चांगल्या पावसाचं आणि एक दुष्काळी वर्ष नोंदीत आलं पाहिजे. दुष्काळी वर्षात जागा कोरडीच राहिली तर टँकरने भरायला जाऊ नका.

चांगल्या-वाईट दोन्ही वर्षांच्या नोंदी हातात आल्यावरच पातळी बदलायची, आणि तीही एका वेळी दहा सेंटीमीटर. बेडूकमासे दरवर्षी मरताहेत तर शेवटच्या बुचाचा माथा तेवढा वर घ्या, पाणकणीस मध्याकडे सरकत चाललंय आणि मासे दिसायला लागलेत तर तेवढाच खाली आणा, आणि पुढचा पूर्ण हंगाम हात न लावता परत तीच पट्टी वाचत राहा.